हो नको, नाव बोल

विशे ब्रदरांना चहा विचारायची एक पद्धत आहे. "ब्रदर, चहा घेणार का?" असं कुणी विचारलं तर ते उत्तर देत नाहीत. कपाला हातही लावत नाहीत. चहावर साय धरते, विचारणारा अवघडतो, आणि मग ब्रदर शांतपणे म्हणतात, "असा नाय इचारायचा. काय घेनार, असा इचारायचा."

"बरं. काय घेणार, ब्रदर?"

"च्या."

विशे ब्रदर आमच्या रुग्णालयात नर्स आहेत, आणि हा संवाद तिथे दिवसातून दोनदा होतो. ब्रदरांचं ठाम मत असं, की ज्या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणून सुटता येतं, तो प्रश्नच नव्हे. त्यांची मुलगी नाशिकला शिकते. तिला ते फोनवर "पोचलीस का?" असं कधीच विचारत नाहीत. "कुठे आहेस? समोर काय दिसतंय?" असं विचारतात. ती बिचारी मैत्रिणींसमोर भिंतीचा रंग सांगत बसते.

आता हे रुग्णालय कुठलं, ते सांगतो. शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्त्याला लागून आहे, एका ट्रस्टचं आहे. याहून जास्त सांगत नाही, कारण सांगितलं तर माझी नोकरी जाईल आणि मी मुळातच भित्रा माणूस आहे. मी पालीला भितो, सुईला भितो, साहेबांचा मिस कॉल दिसला तरी फोन पालथा घालतो. असा माणूस रुग्णालयात काय करतो, हे माझ्या बायकोलाही कोडं आहे. तर तिथे मुंबईच्या काही डॉक्टरांचा एक अभ्यास चालू आहे. रुग्णाला औषध देताना चुका कुठे होतात, का होतात आणि त्या टाळायच्या कशा, याचा. मी त्या अभ्यासाचे फॉर्म गोळा करतो. रोज वाशिंदहून येतो आणि संध्याकाळी जिवंत परत जातो.

फॉर्मची एक पांढरी पेटी जिन्याखाली लावली आहे. औषध देताना चूक झाली, किंवा होता होता राहिली, तर ती फॉर्मवर लिहायची आणि पेटीत टाकायची. नाव लिहायचं नाही. कुणाला शिक्षा होणार नाही. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी पहिल्या मीटिंगमध्ये हे अक्षरशः हात जोडून सांगितलं. "सगळ्यांना पटलं ना?" असं त्यांनी विचारलं, आणि सगळे एका सुरात "हो" म्हणाले. मागच्या रांगेत विशे ब्रदरांनी कपाळावर हात मारलेला मी पाहिला.

पहिल्या महिन्यात पेटी उघडली तर आत पाल. दुसऱ्या महिन्यात पालसुद्धा नाही. सिस्टर लोक त्या पेटीसमोरून जायला इतके भ्यायचे, की वरच्या मजल्यावर जायला मागचा जिना वापरू लागले. मी माझ्या नोकरीच्या काळजीनं अर्धा झालो. आणि तिसऱ्या महिन्यात फॉर्म आले, एकदम अकरा. सगळ्यांवर एकच हस्ताक्षर, आणि खाली ठळक सही: केशव पांडुरंग विशे, मु. सापगाव, ता. शहापूर.

"ब्रदर, नाव लिहायचं नाही," मी म्हणालो.

"नाव नाय लिवला तर कोनाचा काय कळणार?"

फॉर्मवर काय असायचं? 'दोन नंबरच्या आजोबांना पाच नंबरची गोळी देणार होतो. हातात घेतली होती. नाव विचारले म्हणून राहिले.' किंवा 'बाटलीचा रंग सारखा. वाचून बघितले नसते तर गेलो होतो.' परिणाम असा, की अभ्यासाच्या कागदांवर अख्ख्या रुग्णालयात चुका करू पाहणारा माणूस एकच दिसू लागला. ट्रस्टचे लोक घाबरले, याला रजेवर पाठवा म्हणाले. शेवटी डॉक्टरबाईंनी समजावलं, की इथला हा एकच वॉर्ड आहे ज्याबद्दल आपल्याला काही तरी ठाऊक आहे. ब्रदर वाचले.

वॉर्डात त्यांचं एकच पालुपद. सुई, गोळी, सलाईन, काहीही असो, हातातला कागद छातीशी धरायचा आणि रुग्णाला म्हणायचं, "नाव बोल." रुग्णानं नुसती मान हलवली की, "हो नको. नाव बोल." त्यांची सख्खी सासू तिथे दाखल झाली तेव्हाही हेच. ती ओरडली, "मेल्या, तुझी सासू मी!" ब्रदर म्हणाले, "ता माला माहितीय. तुमी बोला." सासूनं नाव सांगितलं आणि पुढचे सहा महिने जावयाशी अबोला धरला.

एकदा खर्डीकडची एक म्हातारी तापानं ग्लानीत गेलेल्या नवऱ्याला घेऊन आली. नवऱ्याचं नाव ती घेईना. तिच्या घरात बायका घेत नाहीत. ब्रदर सुई धरून उभे. ती लाजून पदरात तोंड लपवते, हे घामाघूम होतात, मी दारातून पळायच्या बेतात. शेवटी शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आज्ये, उखाण्यात घे गो!" आणि म्हातारीनं भर वॉर्डात घेतलं:

"भाताच्या बांधावर फुलली तूर,
रामचंद्ररावांचं नाव घेते, ताप जाऊ दे दूर."

वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. ब्रदर मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद पाहिला, 'रामचंद्र' वाचलं आणि श्वास सोडला. तो श्वास मी ऐकला. भित्र्या माणसाला दुसरा भित्रा माणूस लगेच कळतो. त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो. रोज सकाळी सुया द्यायच्या आधी हा धिप्पाड माणूस खिडकीशी दोन मिनिटं उभा राहायचा आणि आपलाच उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवायचा. थरथर थांबली की कामाला लागायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कसली भीती असेल, हे मला कळेना.

एका दुपारी पेटीत त्यांचा बारावा फॉर्म मिळाला. त्यावर तारीख नव्हती. तारखेच्या जागी लिहिलं होतं, 'फार जुने.' खाली एकच ओळ: 'चूक झाली. राहिली नाही.'

मी त्यांना गाठलं. म्हणालो, "ब्रदर, जुनं चालत नाही. अभ्यास सुरू झाल्यापासूनचंच घ्यायचंय."

"चालत नाय," ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पण गेले नाहीत. मीही जायला हवं होतं, कारण असल्या गोष्टी ऐकल्या की मला झोप येत नाही. पण तोंडातून निघून गेलं, आणि निघालं ते त्यांच्याच पद्धतीनं.

"काय झालं होतं, ब्रदर?"

ते स्टुलावर बसले. "इतक्या वर्सांत कोनी इचारला नाय," म्हणाले.

ब्रदर तेव्हा नोकरीत नवे होते. वॉर्डात दोन बायका शेजारी शेजारी होत्या. एक मुरबाडची, साखरेच्या आजाराची, तिला सकाळी इन्सुलिन द्यायचं. दुसरी बुधी वाघ, खर्डीच्या पलीकडच्या कातकरी वाडीतली, कोयत्यानं पाय कापलेला. वाडीची माणसं आली की आत यायला बिचकत आणि बाहेर झाडाखाली बसून राहत. ती दिसावीत म्हणून बुधीनं मुरबाडच्या बाईशी खाट बदलून घेतली, खिडकीजवळची घेतली. कुणाला सांगितलं नाही. सकाळी ब्रदर सुई घेऊन आले, खाटेचा नंबर पाहिला, मुरबाडच्या बाईचं नाव घेतलं आणि विचारलं, "तूच ना गो?"

"ती हो बोलली," ब्रदर म्हणाले.

पोटात अन्नाचा कण नसलेल्या बुधीला ते इंजेक्शन गेलं. तासाभरात ती घामानं भिजली, डोळे फिरले. डॉक्टर धावले, शिरेतून साखर दिली, ती शुद्धीवर आली ती संध्याकाळी. वरिष्ठ आधी ओरडले, मग म्हणाले, वाचली ना, मग विषय संपला. ब्रदरांचा काही संपला नाही.

"दोन दिवसांनी तिच्या पुढ्यात गेलो. बोललो, बुधे, माझी चूक झाली. माफ केलास का? तर ती काय बोलली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो बोलली. आता तुमीच सांगा, ह्या 'हो'चा मी काय करू?"

सगळी चूक एका 'हो'मुळे झाली होती, आणि माफीही तसल्याच एका 'हो'वर लटकलेली होती.

तेव्हापासून ब्रदर दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या वाडीवर जात होते. लुगडं न्यायचे, खाऊ न्यायचे. अलीकडे बीपीचं मशीनही. आणि आता त्यांचा जीव त्या मशीननं खाल्ला होता, कारण बुधीचं बीपी दर खेपेला चढलेलं. आपल्याच त्या इंजेक्शननं आत काही तरी बिघडवून ठेवलंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. येत्या सोमवारी तिला डॉक्टरांपुढे आणून जन्माची गोळी सुरू करायची, असं ठरवून बसले होते.

"त्याच्या आधी तुमी येवा," ते म्हणाले. "माझ्यासमोर ती हो शिवाय काय बोलत नाय. तुमी इचारा. माफ केलास का, असा नको. दुसरा कायतरी इचारा."

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून निघालो. खर्डी सोडलं, डांबर संपलं. मी मागे बसून नको नको ते मनात आणत होतो. ती म्हणाली, याच्यामुळे माझं वाटोळं झालं, तर? ते मी परत येऊन या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू? चढाखाली एका मोहाच्या झाडाशी त्यांनी गाडी लावली आणि मशीन माझ्या हातात दिलं. स्वतः तिथेच थांबले. हेल्मेटही काढलं नाही. तिनं ओळखू नये म्हणून. सबंध वाडीत मोटारसायकलवर येणारा तो एकच माणूस होता.

बुधी अंगणात नाचणी पाखडत होती. पासष्टीची, काटक. मी नाव सांगितलं, रुग्णालयातून आलो म्हटलं, आणि तिचा सुपावरचा हात थांबला. चेहरा असा उतरला की मलाच धडकी भरली. मशीन मी मागे लपवलं.

"मावशी," मी विचारलं, "ते विशे भाऊ येतात, तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "भ्या वाटतं."

"कशाचं?"

"मी खोटा बोलली ना." तिनं खाली मोहाकडे नजर टाकली. "त्यानी दुसरीचा नाव घेतला न मी हो बोलली. हातात सुई, आंगावर पांढरी कापडा. नाय बोलली असती न हाकलून दिला असता तर? माझ्यापायी त्याला समदी बोलली. मंग तो यायला लागला. दर खेपेला पयला नाव इचारतो. बघतो, आता तरी खरा बोलते का नाय."

मागे लपवलेलं मशीन मी पुढे घेतलं. "आणि बीपी?"

"आरोग्याची आशाताई मशीन लावते तवा बरा असतो. ह्याची फटफटी वाजली का छाती धडधडते. लुगडा देतो, न हसत नाय. एवढी वर्सा झाली, अजून राग गेला नाय त्याचा."

"हे त्यांनाच विचारा, मावशी," म्हणालो आणि मी उतरून खाली आलो. हेल्मेटच्या आतून आवाज आला, "काय बोलली?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, अभ्यासाचा एक अख्खा फॉर्म भरला असता. बुधीला गोळीची गरज नव्हती, हेही त्यात आलं असतं. पण ते माझ्या तोंडून त्यांना कळावं, असं मला वाटेना.

"वर चला, ब्रदर. आज तिलाच तुम्हाला काही विचारायचंय."

त्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक होता. शाळेतला पोरगा हेडमास्तरांकडे जातो तसे ते माझ्यामागून चढ चढले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. सवयीनं ओठ हलले, नाव विचारायला. मी त्यांचा हात धरला.

बुधी उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं असेल.

"भाऊ, तू माझ्यावर रागवलायस का रे?"

ब्रदरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, असा नाय इचारायचा. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाय गो," ते म्हणाले. "नाय. कवाच नाय. मी तुला भिऊन येत व्हतो."

सुपातली नाचणी कोंबड्या खाऊ लागल्या, तरी कुणी हाकलल्या नाहीत. मग बुधीनं पदरानं नाक पुसलं, चुलीकडे वळली, आणि वळता वळता तिनं विचारलं, "च्या पिशील का?"

मी ब्रदरांकडे पाहिलं.

"हो," विशे ब्रदर म्हणाले. "हो गो."