एर्मिनची वही

चार कुंड्या! त्यांना पाणी घालायला अशी काय अक्कल लागते? सव्वीस वर्षं मी शेवंडं पकडणाऱ्या बोटीचं इंजीन सांभाळलंय. "एर्मिन," मी बायकोला म्हणालो, "तू खुशाल खुब्याचं ऑपरेशन करून घे. तुझी झाडं माझ्याकडे लागली!"

झाडं गांजाची. आमच्याकडे कायद्यानं घरटी चार चालतात. एर्मिन फुलांचं मलम करते आणि बोटांच्या सांध्यांना चोळते. मलम नसलं की तिला कपाची दांडीसुद्धा धरवत नाही. शेवटची डबी अर्ध्यावर आली होती.

"वहीत सगळं आहे," ती स्ट्रेचरवरून म्हणाली. "आणि आल्देरिक, कुंडीत माती नाही, कोकोपीट आहे, नारळाचा भुसा."

"दिसतंय मला!"

वही उघडली.

सोमवार. कालच्यासारखंच.

रविवार. कालच्यासारखंच.

मागे मागे गेलो. पार मे महिन्यापर्यंत. पहिलं पान:

गेल्यावर्षीसारखंच.

गेल्या वर्षीच्या वहीनं मी हिवाळ्यात शेगडी पेटवली होती.

फोन करायचा? छे! इंजीनवाला माणूस मी! रोज साधं पाणी घातलं. आठवड्यात पानं बोटीवरच्या रेनकोटासारखी पिवळी!

शेजारचा युक्लीद आला. जन्मभर बटाटे पिकवलेला माणूस. कुंडीत बोट खुपसून त्यानं डॉक्टरसारखी मान हलवली.

"बुडवलीस बिचाऱ्यांना! वाळू दे."

"किती?"

"बोट कोरडं निघेपर्यंत."

बोट कोरडं निघालं. झाडं निवडणूक हरलेल्या उमेदवारांसारखी मान टाकून उभी!

"आता?"

"आता खायला घाल. उपाशी दिसतात."

फडताळात खताच्या तीन बाटल्या होत्या. किती घालायचं ते कुठेच नव्हतं.

"भुकेल्या माणसाला तू मोजून वाढतोस?" युक्लीद म्हणाला.

अर्धी अर्धी बाटली ओतली. दोन दिवसांत पानांची टोकं इस्त्री लागल्यासारखी करपली. एक झाड आडवंच झालं.

मी फोन लावला.

"एर्मिन... बोटं कशी आहेत?"

"झाडं कशी आहेत?"

मी आडवं झाड काठीला टेकवून पाहिलं.

"मेली?"

"एक. बाकीची तीन विचार करतायत."

ती रागावली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

"लिहून घे. कोकोपीटमध्ये स्वतःचं काही नसतं रे. आपण देऊ तेवढंच. म्हणून प्रत्येक पाण्यात खत, बादलीला प्रत्येक बाटलीतलं एकेक झाकण. आज भरपूर पाणी ओतून सगळं जास्तीचं खत धुऊन काढ. मग रोज, तळातून निथळेपर्यंत. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी फेकायचं. आणि वाळू द्यायचं नाही, कधीच नाही."

"हे वहीत लिहायला काय झालं होतं, बाई?"

"दिवसाला एक शब्द जमतो मला. पुढे पेन धरवत नाही. गेल्या वर्षीच्या वहीत सगळं लिहिलंय. तेव्हा बोटं बरी होती, तरी दोन दिवस लागले होते. कुठाय ती?"

मी शेगडीकडे पाहिलं.

त्याच दिवशी नवी वही आणली. तिनं सांगितलेलं ठसठशीत अक्षरात साडेतीन पानं उतरवलं. आता रोज असंच लिहायचं, शब्दन् शब्द, अशी शपथ घेतली!

तिन्ही झाडांना नवी पानं फुटली. एर्मिन काठी टेकत घरी आली, झाडांपाशी बराच वेळ थांबली आणि मग वही मागितली. साडेतीन पानं तिनं सावकाश वाचली. डोळे पुसले. पान उलटलं आणि मोठ्यांदा वाचलं,

"मंगळवार. कालच्यासारखंच."

मी ताटल्यांतलं पाणी फेकायला बाहेर गेलो.