बिनटपाच्या गाडीचा कौल

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी ज्याला त्याला काहीतरी व्हायचं होतं. पेडण्याच्या आमच्या कचेरीतल्या शिपायाला क्लार्क व्हायचं होतं, क्लार्कला हेडक्लार्क व्हायचं होतं, आणि हेडक्लार्कला, म्हणजे मला, स्पोर्ट्स कारचा मालक व्हायचं होतं. (हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी हसू देईनच असं नाही.)

हौस तशी जुनी. आमचं गाव चोपडे, नदीच्या अलीकडे. पलीकडे शिवोली. तिथले भाटकार, म्हणजे जमीनदार, इनासबाब संध्याकाळी आपली लाल, दोन सीटची, उघडी गाडी काठच्या रस्त्याने भरधाव सोडायचे आणि आम्ही पोरं या काठावरून तोंड उघडं टाकून बघायचो. ती गाडी इनासबाब आता विकणार, अशी बातमी नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर कळली आणि पन्नाशीला आलेल्या माझं तोंड पुन्हा तसंच उघडं राहिलं.

घरी येऊन मी ही बातमी सांगितली ती नेमकी रविवारी. म्हणजे रुद्रेशसमोर.

हा रुद्रेश डिचोलीचा. माझी तिकडे बदली झाली होती तेव्हाचा शेजारी. जन्मभर खाणीच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त केले, फोरमन होऊन निवृत्त झाला, आणि गेल्या वर्षी त्याची बायको देवकी गेली. तेव्हापासून तो दर रविवारी, त्याच्या भाषेत आयतवारा, सकाळची बस पकडून आमच्याकडे येतो, जेवतो, सोप्यात आडवा होतो आणि तिन्हीसांजेच्या बसने परत जातो.

“विकत कित्याक घेता?” तो ताडकन उठून बसला. “हांव बांदतां तुका गाडी!”

त्याने खिशातून खडू काढला आणि आमच्या सोप्याच्या तांबड्या जमिनीवर गाडी काढली. पूर्ण मापाची. मग आत दोन पाट ठेवले, एकावर स्वतः बसला, दुसऱ्यावर मला बसवलं आणि विमलाने (ही माझी बायको) चहा आणला तर म्हणाला, “वहिनी, दारांतल्यान यो. बॉनेटार पांय दिवूं नाका.”

विमला मुकाट्याने खडूच्या दारातून आत आली. माझ्या शब्दाला या घरात इतका मान कधी मिळालेला नाही.

आता अडचण अशी, की मला गाडी विकतच हवी होती. रुद्रेशच्या हाताबद्दल शंका नव्हती, पण त्या हाताला ट्रकशिवाय काही ठाऊक नव्हतं. मागे त्याने विमलाच्या शिवणयंत्राचा पाय दुरुस्त करून दिला. तेव्हापासून त्या यंत्रावर ताडपत्री उत्तम शिवता येते, ब्लाऊज मात्र येत नाही. पण हे त्याला सांगणार कोण? दर रविवारी तो खडूच्या गाडीत नवा भाग काढायचा. डोळ्यांत वर्षभराने चमक आलेली. नाही म्हणायला मी तोंड उघडायचो आणि त्यात विमलाने वाढलेला घास घालून ते मिटायचो.

शेवटी विमलाच म्हणाली, “अवो, तुमच्यान निर्णय जावचो ना. देवाक विचारा.”

आमच्याकडे हा रिवाज आहे. लग्न ठरेना, विहिरीला जागा मिळेना, भाऊबंदकी मिटेना, तर देवाला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. जी पाकळी पडेल तो देवाचा शब्द. मला कल्पना बेहद्द आवडली. नाही म्हणायचं ते देव म्हणेल आणि मित्राचं मन मोडल्याचं पाप माझ्या खात्यावर येणार नाही.

पुढच्या रविवारी देवळात पोचलो तर निम्मं गाव हजर. बाबली गुरवाने उजवी पाकळी ‘विकत’ आणि डावी ‘बांधून’ असं ठरवलं, पाकळ्या लावल्या आणि हात जोडून आवाज चढवला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

“आज ह्यो तुझो लेकरू सगुण तुझ्या पायांकडे इलो आसा. तेका गाडी होई आसा...” इथे बाबली अडला आणि माझ्याकडे वळला. “कसली रे गाडी?”

“स्पोर्ट्स कार.”

“म्हणजे?”

“दोन सीटची. वर टप नसतो.”

“टप ना? आनी पावस इलो तर?”

“भिजायचं,” मी हळूच म्हणालो.

बाबलीने देवाकडे तोंड केलं. “गाडयेक टप ना म्हाराजा! पावस इलो तर ह्यो भिजतलो, तां तेका मान्य आसा...”

“व्हय म्हाराजा!”

“आयतवारा घरात माणसां तीन, सीटी दोन. तिसरो चलत येतलो...”

“व्हय म्हाराजा!”

(राजभाषा मराठी की कोकणी यावर कचेरीत आम्ही दोन वर्षं भांडलो. पण माणसाची अब्रू देवासमोर टांगायची तर बाबलीच्या बोलीला तोड नाही, हे मी कुठल्याही बाजूने लिहून द्यायला तयार आहे.)

तेवढ्यात बायकांच्या बाजूने विमलाचा आवाज आला. “आनी तेंका गाडी चलवूक येना, तांय सांग देवाक. मागीर देवान म्हणूक नाका, माका कोणी सांगूक ना म्हणान!”

त्या दिवसातला सगळ्यात मोठा “व्हय म्हाराजा” या वाक्याला मिळाला.

मग सगळे गप्प झाले. पाकळ्या काही हलेनात. उकाडा मरणाचा. मी सहज बाजूला पाहिलं. रुद्रेश उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. इस्त्री त्याने स्वतःच केलेली दिसत होती, कारण कॉलरवर तपकिरी डाग पडला होता. देवकी असती तर तो शर्ट घालून तिने त्याला उंबरा ओलांडू दिला नसता. दोन्ही हात घट्ट जोडून, ओठ हलवत तो डाव्या पाकळीकडे बघत होता. देवकी आजारी होती तेव्हाही तो असाच उभा राहिला होता, आणि त्या वेळी त्याला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं.

मला एकदम फार वाईट वाटलं. गाडी, लाल रंग, पलीकडचा रस्ता, सगळं डोक्यातून गेलं. देवा, डावी पाड, मी मनात म्हणालो. नुसतं म्हणून भागेना तेव्हा खाली वाकून, नमस्कार करतो आहे असं दाखवत, मी डाव्या पाकळीच्या दिशेने फुंकर घातली.

“सगुण!” बाबली ओरडला. “उसासे सोडूक नाका! देव काय बहिरो ना!”

आणि त्याच क्षणी उजवी पाकळी टपकन खाली पडली.

गावाने जयजयकार केला. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. रुद्रेश हसला आणि म्हणाला, “देवान दिलां मरे तुका. बरें जालें.” मग घड्याळात बघून म्हणाला, की दुपारची बस मिळेल, डिचोलीत काम आहे. निवृत्त माणसाला रविवारी दुपारी डिचोलीत कसलं काम असतं ते मी विचारलं नाही.

घरी विमलाने तिघांच्या मापाचं भाज्यांचं खतखतं केलं होतं. तिने तिसरं ताट उचलून आत नेलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमका कळता काय? गाडी तुमका होई होती. रुद्रेशाक आयतवार होयो होतो.”

मी खाली बघून जेवलो. पुढच्या रविवारी रुद्रेश आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोपा झाडताना विमला खडूच्या गाडीभोवतीनं केरसुणी फिरवायची, वरून नाही.

देवाचा शब्द मोडता येत नाही, म्हणून शेवटी मी आणि विमला फेरीने शिवोलीला गेलो. इनासबाब आता काठी टेकत चालत होते. त्यांनी बागेतल्या मांगराचं, म्हणजे अडगळीच्या खोपटाचं, दार उघडलं. लाल गाडी होती तिथेच, माडाच्या चुडतांखाली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. आम्हाला पाहून ती उठलीसुद्धा नाही. मी अदबीने बॉनेट उघडलं. आत काही नव्हतं. म्हणजे खरोखरच काही नव्हतं, थेट जमीन दिसत होती.

“इंजिन?” मी विचारलं.

“तें?” इनासबाबांनी काठीने बागेतल्या विहिरीकडे दाखवलं. तिकडून फटफट असा आवाज येत होता. “तें बांयच्या पंपाक लायलां. माड शिंपता. गाडी विकतां हांव, पंप ना.”

आजवर इंजिन नसलेली गाडी पाहून आनंदाने टाळी वाजवणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. ते दोन पावलं मागे सरकले. मी जागच्या जागी सौदा पक्का केला (कोंबडी सोडून) आणि त्याच संध्याकाळी डिचोलीची बस धरली.

रुद्रेश अंधारात ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. देवाने विकत घ्यायला सांगितली, मी घेतली; पण देवाने इंजिनाचं नाव काढलं नव्हतं, ब्रेकचं नाही, तळाच्या पत्र्याचं तर नाहीच. तो ओट्यावरच जरा सरकून बसला. मग खाकरला.

“चाकां तरी आसात?”

“तीन.”

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, “आयतवारा वहिनी कितें करता?”

“तू सांगशील ते,” मी म्हणालो.  

पुढे किती रविवार गेले ते मोजलेले नाहीत. गाडी फेरीवरून ढकलत आणली. तिला जुन्या जीपचं इंजिन बसलं, ट्रकच्या स्प्रिंगा बसल्या, ट्रकचा भोंगा बसला. पूर्वीपेक्षा ती वीतभर उंच झाली. मागे रुद्रेशने स्वतःच्या हाताने ‘हॉर्न प्लीज’ रंगवलं तेव्हा मी डोळे मिटले, पण बोललो नाही.

पहिली फेरी इनासबाबांना दाखवायला. मी गॉगल लावला, गळ्यात विमलाचा रेशमी रुमाल बांधला आणि रुबाबात डाव्या सीटवर बसलो. गाडी रुद्रेश चालवणार, हे तर देवालाही माहीत होतं. पण ट्रकवाल्याच्या डाव्या हाताला बसणाऱ्या माणसाला कामं असतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच वळणावर त्याने हुकूम सोडला, “देंव रे! फाटल्यान पळय!” मी उतरून मागे बघितलं. मोरीवर उतरलो, म्हैस आडवी आली तिथे उतरलो. चोपड्याच्या धक्क्यावर ओहोटी लागली होती, उतार सरळ पाण्यात गेलेला. तिथे मी हातात मोठा धोंडा घेऊन चाकामागे धावत, “येवंदी, येवंदी” ओरडत गाडी फेरीत चढवली आणि धोंडा चाकाखाली सरकवला. रुमाल ग्रीसने काळा झाला होता.

शेजारी वाळूचा ट्रक उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि रुद्रेशला विचारलं, “उस्ताद, क्लीनर नवो?”

“नवो न्हय, जुनो,” रुद्रेश म्हणाला. “उलयता मात्सो चड. पूण सोडून वचना.”

“पगार काय दितात?”

“पगार कसलो? आयतवारा तोच माका जेवण घालता.”

बोलतो जरा जास्त, पण सोडून जात नाही, असं पहिल्यांदाच कोणी माझ्याविषयी बोललं होतं. मी ताठ उभा राहिलो. ट्रकवाल्याने मला गॉगलपासून चपलांपर्यंत निरखून पाहिलं आणि हळहळत मान आत घेतली.

“वाईच म्हातारो आसा,” तो म्हणाला, “नायतर मीच न्हेलो असतो.”