रेघ राहिलेली पाटी

आमच्या शेजारच्या गहिनाजीबप्पांकडं नावाची पाटी करायला टाकली, तर ते सगळी अक्षरं कोरून देतात, पण अक्षरांच्या डोक्यावरची रेघ देत नाहीत. रेघ ज्याची त्यानं येऊन ओढायची. मग तो मास्तर असो, सरपंच असो, नाहीतर तलवाड्याच्या बाजारातला दुकानदार असो. पैसे आपण द्यायचे आणि वर कामही आपणच करायचं, हे काही लोकांना पटत नाही. कुणी कुरकुरलं की बप्पा चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कावून बरं? नाव तुमचं, मग हात माजा कावून?"

त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच भिंत आहे. या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हापासून मी बप्पांना भिंतीपलीकडून ऐकत आले आहे. समोर उभं राहून बोलल्याचं मात्र आठवत नाही. मला बोलायचं जमतच नाही. ते काही विचारायला दारात आले, तर मी आतून बांगड्या वाजवते. वाजल्या म्हणजे मालक घरी आहेत, नाही वाजल्या म्हणजे बाहेर गेलेत, असं बप्पांनी आपलं आपणच ठरवून घेतलं आहे. एकदा मी नुसतंच पीठ मळत होते, तर ते मालकांची वाट बघत तासभर ओट्यावर बसून राहिले.

पूर्वी बप्पा सहकारी कारखान्यात सुतार होते. पाऊस गेला, मग ऊस गेला, मग कारखान्याचं धुराडं थंड झालं. तेव्हा बप्पांनी एक राऊटर मशीन घेतली आणि घरीच बसले. दोन बाजूंना दोन मुठी आणि खाली गरगर फिरणारं पातं, एवढीच ती मशीन. प्लायवूडमध्ये अक्षरं कापून त्यांनी फर्मे केले आहेत. फर्मा फळीवर ठेवायचा, त्याच्या आतल्या कडेनं मशीन फिरवायची, की अक्षर तसंच्या तसं लाकडात उतरतं. हे सगळे फर्मे पडवीत खिळ्यांना टांगलेले असतात. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण ती बिनरेघेची बाराखडी वाचायला मलाही जरा थांबावं लागतं.

रेघ ओढायची वेळ आली की बप्पा फळीवर सरळ पट्टी आवळतात, माणसाच्या हातात मुठी देतात आणि म्हणतात, "पट्टीला चिटकून ऱ्हायचं. बाकी काय न्हाई." आमच्या मालकांना नेमकी मध्येच शिंक आली. आमच्या पाटीवरच्या रेघेला त्यामुळं एक टेंगूळ आहे. मालकांनी दुसरी करून द्या म्हटलं, तर बप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. वळखू यील तुमची हाय म्हून."

बप्पा पदही कोरत नाहीत. दूध सोसायटीचे चेअरमन पाटी करायला आले, तेव्हा नावाखाली 'चेअरमन' पाहिजेच म्हणून अडून बसले. बप्पांनी नावाखाली दोन कड्या बसवल्या आणि 'चेअरमन' अशी वेगळी छोटी फळी करून त्यांना अडकवली. पुढं निवडणूक झाली आणि ते पडले. दुसऱ्या दिवशी सकाळीच बप्पा फळी काढून न्यायला त्यांच्या दारात हजर. चेअरमनीणबाई कळवळून म्हणाल्या, "बप्पा, त्यांचा अजून चहा व्हायचाय. चहा तरी हुंद्या!" बप्पा ओट्यावर बसले, त्यांच्याच घरचा चहा प्याले आणि मग फळी काढून नव्या चेअरमनच्या दाराला लावून आले.

त्यांच्या बायकोला, सोजरकाकूंना, मात्र या मशीनचा फार राग. काकू तिला कुत्रं म्हणत. दिवेलागणीला भाकरी झाल्या की चुलीपासूनच ओरडत, "अवो, बंद करा ते कुत्रं! इळभर भुकतंय!"

"झालंच की!" बप्पा म्हणत आणि मुद्दाम आणखी जराशी चालवत. मग मशीन थांबे, हात धुतल्याचा आवाज येई, ताट वाजे. इतकी वर्षं मी त्याच आवाजावर आमच्या मालकांना जेवायला वाढत आले.

यंदा दुष्काळ फारच पडला. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. असल्या साली दाराला पाटी कोण करतं? बप्पांच्या बांधावरचा आंबासुद्धा वाळला. तो तोडला आणि त्याच्या एका फळीवर बप्पांनी पहिल्यांदाच स्वतःच्या दारासाठी नावं कोरली. वर 'सोजर', खाली 'गहिनाजी'. आपल्या नावावर त्यांनी रेघ ओढली. काकूंची राहिली.

काकूंना वेळच नव्हता. त्यांचा भाऊ मुकादम आहे. लांबच्या मुलखात ऊसतोडीला जाणाऱ्या त्याच्या टोळीत लेकरं सांभाळायला आणि भाकरी थापायला बाई पाहिजे होती. कोयता धरायचं वय राहिलं नव्हतं, पण घरात काहीच येत नव्हतं, म्हणून काकू निघाल्या. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बप्पा फळी छातीशी धरून रस्त्यावर आले.

"मशीन लावून ठिवलीय. चल आत, दोन मिंटाचं काम हाय."

"आल्यावर वढीन."

"आत्ता कावून न्हाई?"

काकूंनी आधी पातेली वर दिली, मग स्वतः चढल्या. वरून म्हणाल्या, "रेघ ऱ्हायली म्हंजी मला यावं लागंल की. आन् जेवत जा येळंवर."

ट्रॅक्टरमधल्या बाया हसल्या. बप्पाही हसले. पण ट्रॅक्टर वळून दिसेनासा झाला, तरी ते फळी धरून तिथंच उभे होते.

त्यानंतरही दिवेलागणीला मशीन रोज सुरू व्हायची. मला आधी वाटलं, एखादं काम आलं असेल. पण लाकडात शिरली की मशीनचा आवाज घोगरा होतो आणि रिकामी असली की ती बारीक रडते, एवढं मला आता कळतं. ही रिकामीच होती. वीज जाईपर्यंत चालायची. मग सगळं शांत. हात धुतल्याचा आवाज नाही, ताट नाही. मालक भाकरी घेऊन गेले, तर "जेवलो की मी" म्हणून बप्पांनी ती माघारी पाठवली. त्यांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता.

एका संध्याकाळी मी दगडावर चढून भिंतीवरून बघितलं. मशीनखाली फळी नव्हती. बप्पांचा हात बटणावर होता आणि तोंड चुलीकडं. चूल पेटलेली होती. तव्यावर स्वतः थापलेली वेडीवाकडी भाकरी करपत होती. ते उठत नव्हते. नुसते कान देऊन बसले होते.

मी दगडावरून खाली उतरले. घरात मालक होते, गल्लीत माणसं होती. पदर सारखा केला. मग डोळे मिटून घेतले आणि ओरडले, "बप्पा! बंद करा ते कुत्रं! इळभर भुकतंय!"

आमचे मालक पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बघत राहिले.

भिंतीपलीकडं मशीन चालूच होती. मला वाटलं, आता जमिनीत जावं.

"झालंच की!" तिकडून आवाज आला.

मशीन आणखी जराशी चालली. मग थांबली. हात धुतल्याचा आवाज आला. ताट वाजलं.

मी आत गेले आणि मालकांना वाढलं.