शालूताईंनी मागून नेलेला गाऊन

आमच्या शेजारच्या शालूताई दुसऱ्यांचे कपडे मागून नेतात. लोक साखर मागतात, विरजण मागतात. शालूताई दारात उभ्या राहून म्हणतात, "मंगल, तुझी अबोली साडी दे की एक दिवस. घामाचा डाग पडू देत नाय."

कपडे नेले की मोबाइल स्टँडवर लावायचा आणि त्या कपड्यांची मालकीण होऊन स्वतःचा फोटो काढायचा, हा त्यांचा उद्योग. टायमर दहा सेकंदांचा, तयारी दोन तासांची. एकदा माझी साडी नेसून त्या नुसत्याच बसलेल्या. मी म्हटलं, "काढा की आता." तर म्हणाल्या, "नेसल्याबरोबर बाई अंगात येत नाय. थोडं बसावं लागतं."

बजाजनगरातली आमची गल्ली कंपन्यांच्या पाळ्यांवर उठते-झोपते. समोरची सुनीताही कंपनीत जाते. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिचा युनिफॉर्म घालून शालूताई सकाळी सहाला डबा घेऊन कॉर्नरवर उभ्या राहिल्या. कंपनीची बस आली, थांबली, दार उघडलं, आणि या चढल्या. पुढच्या स्टॉपवरून पायी परत आल्या. फोटोत नुसता रिकामा कॉर्नर. "ड्रायव्हरनं माझ्यासाठी बस थांबवली, नाय कसं म्हणावं?" गल्ली आठवडाभर हसली.

एक मात्र होतं. कपडे परत यायचे ते धुऊन, इस्त्री करून, तुटलेला हूक लावून. आम्ही ते ब्लाउज घालायचो आणि पाठीमागे त्यांना 'बहुरूपीण' म्हणायचो. मीच ते नाव ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी त्या पुन्हा माझ्या दारात आल्या. घरात पसारा, माझं डोकं फिरलेलं. बोहारणीला द्यायला काढलेला गाऊन मी त्यांच्या हातात दिला. काखेत उसवलेला, हळदीच्या डागांचा. वर महिलामंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'बहुरूपिणीला गाऊन दिलाय, आता बघा राणीसाहेबांचा थाट.' हसऱ्या तोंडांची रांग लागली. शालूताईही त्या ग्रुपवर आहेत, हे नंतर आठवलं. तोवर त्यांनी वाचलेलं होतं.

चौथ्या दिवशी गाऊन आला. काख शिवलेली. मी तो घेतला आणि दार लोटलं.

त्यांची भाची कलामहाविद्यालयात शिकवते. तिनं ते फोटो मोठे करून तिथल्या हॉलमध्ये लावले आणि गल्लीला बोलावणं आलं. माझी टिंगल भिंतीवर टांगलेली असणार, याची मला खात्री होती. न जावं तर चोराच्या मनात चांदणं. गेले.

माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मंगल, दुपारी तीन'. तो गाऊन घालून शालूताई ओट्याशी उभ्या होत्या. हातात कढई, कढईत उरलेली भाजी, तीत पोळीचा तुकडा. उभ्यानं जेवत होत्या. शेजारी एक खुर्ची ओढून ठेवलेली, रिकामी.

मी सगळ्यांचं झाल्यावर अशीच उभ्यानं जेवते. माझ्या घरात हे कुणाला ठाऊक नाही. आमच्या ओट्यासमोर त्यांची खिडकी आहे.

"ही तू का गं?" सुनीतानं विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. आधी फोटोची लाज वाटली, मग स्वतःची वाटली, आणि ती दुसरी अजून गेलेली नाही.

शालूताई दारापाशी आपल्या जुन्या निळ्या साडीत उभ्या होत्या. माफी मागायला गेले आणि विचारलं भलतंच. "सगळ्यांचे फोटो आहेत, तुमचा स्वतःचा कुठाय?"

"माझी साडी मागायला कोण आलंय कधी?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, पत्ता सांगावा तसं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. आमचा उंबरा त्यांनी शंभरदा चढला असेल. त्यांचा मी त्यांचे यजमान गेले तेव्हाच काय तो चढले होते.

"शालूताई, ती निळी साडी देता का एक दिवस? मला फोटो काढायचाय."

त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, नंतर बराच वेळ काहीच नाही. बाहेर आल्या त्या साडी घेऊन. इस्त्रीनं ती अजून गरम होती.

"डाग पडू देत नाही," मी म्हटलं.

"पडला तर पडू दे गं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस आधी थोडं."