पोहण्याची फाइल

शाळेतल्या मुलांना आयुष्यात काय करायचं आहे याची कुठलीही लेखी नोंद शाळेकडे नाही, ही गंभीर बाब वर्षाच्या मध्यावर उघडकीस आली. व्यवस्थापनाने तातडीने हालचाल केली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या जिन्याखाली हलवून तिथे ध्येयकक्ष स्थापन झाला, दारावर पाटी लागली आणि आत एक बाई बसू लागल्या. मुलं त्यांना ध्येयबाई म्हणत. नववीतल्या प्रत्येकाने आठ दिवसांत ध्येयपत्रक तीन प्रतींत भरून द्यायचं होतं.

धाकटीने तिन्ही प्रतींत एकच ओळ लिहिली: पोहायला शिकणे.

दादाच्या पाठची म्हणून तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. मामेभावंडं नदीवर गेली की ही पंधरा वर्षांची घोडी काठावर बसून अकरा जणांच्या चपला राखायची. यंदा सात वर्षांच्या मामेबहिणीनेही आपल्या इवल्याशा चपला तिच्या हवाली करून पाण्यात उडी घेतली, तेव्हा धाकटीला रडूच कोसळलं. पोहण्याच्या तलावावरच्या मुलींच्या शिकाऊ वर्गात सोळाव्या वाढदिवसापर्यंतच प्रवेश मिळे. वाढदिवसाला अकरा आठवडे उरले होते.

ध्येयबाईंनी पत्रक वाचून चष्मा काढला.

"हे ध्येय आहे?"

"हो, बाई."

"अगं, ध्येयाकडे कसं मान वर करून बघावं लागलं पाहिजे. तुझ्याच वर्गातल्या एकाने अंतराळ लिहिलंय. पोहण्यात वर काय बघणार तू?"

"मला फक्त बुडायचं नाहीये, बाई."

बाईंनी एक तक्ता काढून पाहिला. किरकोळ ध्येयांसाठी राखीव असलेल्या पाच जागांपैकी एकही भरली नव्हती. "चल, तुला बसवते यात. दहा आठवडे, दर आठवड्याला दहा टक्के. आणि रोज संध्याकाळी पाच ते सहा इथे आढावा."

"बाई, तलावावरचा वर्गपण पाच ते सहाच असतो."

"मग आढाव्याला कोण येणार?"

धाकटीने रजेचा अर्ज केला. रजेच्या छापील कारणांत आजारपण होतं, घरचं कार्य होतं, दुःखद घटना होती, ध्येय नव्हतं. शिवाय तीन आढावे चुकले की दाखल्यावर 'ध्येयाविषयी अनास्था' असा शेरा बसणार होता. वडील विमा कचेरीत होते आणि दिवसाला दोनशे कागदांवर सह्या करत असल्यामुळे त्यांना शेऱ्याची किंमत ठाऊक होती. "एकदाचा आढावा उरकून टाक ना," ते म्हणाले, "मग काय पोहायचंय ते पोह." आई म्हणाली, "दाखला खराब करून घेऊ नकोस बाई." दादा काहीच म्हणाला नाही, कारण त्याचं ध्येय आईवडिलांनी तो तिसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं आणि तेव्हापासून तो फारसं बोलत नसे.

पहिल्या आठवड्यात धाकटीने फाइलीला निळं कव्हर घातलं. दहा टक्के झाले. दुसऱ्या आठवड्यात पोहणाऱ्या बाईचं चित्र चिकटवलं आणि तिसऱ्यात पाण्याविषयी मनात चांगले विचार आणून ते एका पानावर लिहिले. दर शनिवारी खाली वडिलांची सही, त्याखाली ध्येयबाईंचा शिक्का. सहाव्या आठवड्यात मात्र तिचं डोकं फिरलं. तिने प्रगतीच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'मी अजून पाण्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. साठ टक्के.'

वडिलांनी सही केली. ध्येयबाईंनी शिक्का मारला आणि वर म्हणाल्या, "अक्षर सुधारतंय हं!"

दहावा आठवडा संपला आणि शंभर टक्के भरले. वार्षिक समारंभात उत्कृष्ट ध्येयपूर्तीचं पहिलं बक्षीस धाकटीला मिळालं. अंतराळवाल्याला दुसऱ्यावर समाधान मानावं लागलं. मध्येच कांजिण्या निघाल्याने तो सत्तर टक्क्यांवर अडकला होता. मुख्याध्यापकांनी फाइल उंच धरून सभागृहाला दाखवली, टाळ्यांचा कडकडाट झाला. वडिलांचा ऊर भरून आला. धाकटीला कुठे तोंड लपवू असं झालं होतं, पण प्रमाणपत्र आडवं आणि बऱ्यापैकी मोठं असल्याने तेवढी सोय झाली.

आता आढावा नव्हता. सोळाव्या वाढदिवसाला चार दिवस होते. दुसऱ्याच दिवशी ती तलावाच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या कारकुनाने तिचं नाव आणि शाळा विचारून एक यादी काढली. शाळेने ती तत्परतेने कालच पाठवली होती.

"शिकाऊ वर्ग तुझ्यासाठी नाही. तू खोल पाण्यात जा."

"काका, मला पोहता येत नाही हो!"

"शंभर टक्के लिहिलंय इथे. सही आहे, शिक्का आहे."

"बुडेन मी!"

"तो तुझा प्रश्न झाला." मग तिचा चेहरा बघून तो जरासा विरघळला. "हे बघ, मला कागद लागतो. पोहता येत नाही असं वडिलांकडून लिहून आण."

धाकटी घरी आली. दिवाणखान्यात भिंतीवर प्रमाणपत्र लागलेलं होतं आणि वडील शेजाऱ्यांना ते दाखवत होते. माझ्या मुलीला पोहता येत नाही, असं या माणसाकडून लिहून घेणं म्हणजे आजच्या दिवसात तरी अशक्य होतं. ती दारात उभी राहून विचार करत होती. तेवढ्यात तिला सहाव्या आठवड्याचं पान आठवलं.

तिने आत जाऊन स्वच्छ अक्षरात कागद लिहिला, बाहेर आली आणि पेन पुढे केलं. "बाबा, सही."

"कुठे?" वडिलांनी शेजाऱ्यांशी बोलता बोलता विचारलं, आणि तिने बोट ठेवलं तिथे केली.

त्या संध्याकाळी पाच वाजता धाकटी पाण्यात उतरली. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, आणि ती काठाला धरून इतकी हसली की शिकवणाऱ्या बाई दचकल्या. प्रगती शून्य टक्के होती.

त्या कागदावर दोन ओळी होत्या. पहिली, माझ्या मुलीला पोहता येत नाही. दुसरी, यापुढे तिला तिचं ध्येय कोणीही विचारू नये. कारकुनाला पहिलीच हवी होती, तेवढीच नक्कल ठेवून त्याने मूळ कागद परत दिला आणि धाकटीने तो चपलांच्या खोक्यात जपून ठेवला आहे. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर हसा. मात्र गेल्या महिन्यात चहा पिता पिता तुम्ही आपल्या लेकरांच्या कोणकोणत्या कागदांवर सही केलीत, ते आठवून बघा. त्यांना सगळं पाठ आहे.