दहावा गाळा

मच्छिंद्र सेक्रेटरीनं लिहिलेल्या करारनाम्यातून आजवर कुणी सुटलं नव्हतं. म्हणजे आजवर त्यानं करारनामा एकच लिहिला होता आणि त्याची शाई वाळून तीन दिवस झाले होते. पण सुटलं नव्हतं हे खरं.

"नऊ कलमं, चार पानं," तो सोसायटीच्या चेअरमनना, हिंमतरावांना, म्हणाला. "मुंगीला शिरायला जागा ठेवली न्हाय."

हिंमतरावांनी चारही पानं उलटसुलट पाहिली आणि वजन करावं तशी हातावर तोलली. "जड हाय," ते समाधानानं म्हणाले.

गाळ्यांची कल्पना हिंमतरावांची. सहकाराच्या कसल्याशा सभेला ते कोल्हापूरला गेले आणि संध्याकाळी कुणीतरी त्यांना रंकाळ्यावर नेलं. तळ्याकडं तोंड करून शेकडो माणसं भेळ खात होती. "नुसतं पाणी बघतेत आन् खातेत, मच्छिंद्र. पाण्याकडं बघितलं की भूक लागती. आपल्याकडं तलाव हाय, येरमाळ्याचा रस्ता हाय, देवीची माणसं एस्टीनं जात्यात. खायला फकस्त जागा न्हाय."

जागा बांधली. रोजगार हमीच्या कामावर झालेला नवा पाझर तलाव एका बाजूला, रस्ता दुसऱ्या बाजूला आणि मधे सोसायटीचे दहा गाळे. पाच गाळ्यांची तोंडं रस्त्याकडं, पाचांची तलावाकडं. वर मुक्कामाच्या चार खोल्या. तलावाकडच्या गाळ्यांना भाडं दीडपट, कारण तिथून तलाव दिसत होता. तलावात पाणी नव्हतं, पण ते भाड्याच्या तक्त्यात लिहायचं कारण नव्हतं. साल शहाऐंशी. पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवलेली. दीडपट भाडं भरणाऱ्याला समोर भेगाळलेली काळी माती दिसायची आणि तीन म्हशी.

मच्छिंद्रचा जीव मात्र पाण्यात नव्हे, 'कायम' या एका शब्दात अडकला होता. तीन वर्षं तो तात्पुरता सेक्रेटरी होता. दर सहा महिन्यांनी नवा आदेश, दर सहा महिन्यांनी तीच धाकधूक. त्याचा बाप सालगडी. दर पाडव्याला नवा मालक बघता बघता म्हातारा झालेला. घरात कायम असं कुणी कधी झालं नव्हतं. हिंमतरावांनी शब्द दिला होता, "दहाच्या दहा गाळे भाड्यानं गेले, तपासणीला येणाऱ्या साहेबानं शेरा चांगला मारला, की तुला कायम करतो."

नऊ गेले. दहाव्यात सोसायटीचं ऑफिस होतं, म्हणजे एक टेबल, एक माठ, दफ्तराची पेटी आणि मच्छिंद्र. दुसरीकडं हलवायला जागा नव्हती; वरच्या खोल्या मुक्कामाच्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या. "आफिस म्हंजी भाडेकरूच की," हिंमतराव म्हणायचे. साहेब असं म्हणतील की नाही, याची मच्छिंद्रला शंका होती.

पहिला गाळा, तलावाकडचा, सगळ्यात महागाचा, कमलबाईनं घेतला. तलावाचं काम चालू होतं तेव्हा सहाशे मजुरांना चहा पाजून तिनं मोठा गाडा चालवला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण गाळे वाटायच्या दिवशी ती सरळ टेबलापाशी आली होती.

"सेक्रेटरी, पानी नसू द्या. पर ह्या वळीत चहा इकंल तर कमलबाईच इकंल, असं लिवून द्या. न्हाय तर मला गाळा नगो."

मच्छिंद्रनं कलम नऊ लिहिलं. गाळा नंबर एक सोडून कोणत्याही गाळ्यात चहा विकू नये. विकल्यास तो गाळा ताबडतोब रिकामा करून घेण्यात येईल व पुढे त्यावर पहिला हक्क गाळा नंबर एकचा राहील. हे वाक्य त्यानं बायकोला, मुक्ताबाईला, दोनदा वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "मंग बाकीच्यांनी काय करायचं?" त्याला प्रश्नच कळला नाही.

तिसऱ्या आठवड्यात कमलबाई ऑफिसच्या दारात उभी. "माझी केटली गार पडली, सेक्रेटरी. माणसं माझ्या दारावरनं जात्यात, तोंड पुशीत."

मच्छिंद्र वही-पेन्सिल घेऊन चौकशीला निघाला. दुसरा गाळा महालिंगप्पाच्या किराणाचा. मच्छिंद्र पायरी चढतो न चढतो तोच त्याच्या हातात कपबशी आली.

"महालिंगप्पा, हा चहा इकताव तुमी?"

"शिव शिव. एक पैसा घेत न्हाय. गिऱ्हाईक दारात आलं म्हंजी पाव्हणा. पाव्हण्याला चहा न इचारता धाडायची रीत आमच्यात न्हाय. तुमच्यात हाय का?"

नव्हती. मच्छिंद्रनं चहा घेतला. पावशेर गूळ घेणाऱ्यालाही चहा मिळत होता, काडेपेटी घेणाऱ्यालाही. गूळ मात्र चार आण्यांनी महागला होता.

तिसऱ्या गाळ्यात व्यंकटचं केशकर्तनालय. तिथं दाढीला चहा. दोन आठवड्यांत गावातले पुरुष इतके गुळगुळीत झाले होते की लांबून ओळखू येईनात. सकाळी एक, संध्याकाळी एक दाढी करणारे होते. ज्ञानोबा नावाच्या गड्याची हनुवटी सोललेली; तरी तो खुर्चीत मान मागं टाकून बसलेला.

"ज्ञानोबा, अहो, केसच न्हायत," व्यंकट म्हणत होता.

"नसू द्या. तुमी वस्तरा फिरवा. आलं घातलंय न्हवं?"

चौथ्या गाळ्यात भीमाशंकर शिंपी. तिथं माप दिलं की चहा. त्याच्या वहीत दोनशे अकरा मापं होती आणि मशिनवर एकही शर्ट नव्हता. मच्छिंद्र आला म्हटल्यावर त्यानं त्याचंही माप घेतलं.

पुरावा गोळा करण्यासाठी मच्छिंद्र आठ दिवस फिरला. रोज आठ कप चहा झाला. आठव्या दिवशी त्याला झोप येईना आणि भिंतीवरची पाल दोन दिसायला लागली. त्या अवस्थेत त्यानं नोटीस काढली. कलम नऊ दुरुस्त केलं. विकू नये, पाजू नये, तयारही करू नये. पाहुणा असो वा नसो. आणि कुणी म्हणू नये की नियम गरिबालाच, म्हणून पुढं लिहिलं, 'हे कलम सोसायटी, तिचे पदाधिकारी व नोकर यांनाही लागू राहील.' हिंमतरावांनी सही केली. वाचलं नाही, पान जड होतं.

पहिला तडाखा महालिंगप्पाला. परंड्याहून त्याचे व्याही आले, दुकानात तासभर बसले आणि कोरड्या घशानं निघून गेले. तिकडं जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण लेकीचं ठरलेलं डोहाळजेवण पुढं गेलं. दुसरा तडाखा खुद्द हिंमतरावांना. कोटाचं माप द्यायला ते भीमाशंकरकडं गेले. अर्धा तास हात पसरून उभे राहिले, आणि काही नाही.

"माझ्या सोसायटीत, माझ्या गाळ्यात, मला चहा न्हाय?" ते ऑफिसात येऊन म्हणाले.

"सही तुमचीच हाय, आबा."

"अरे, सही म्या रोज करतो. म्हून काय चहा बंद करायचा?"

आणि नेमकं त्याच आठवड्यात, बुधवारी, तपासणीचं पत्र न देता साहेबांची जीप आली.

साहेब पन्नाशीचे, बारीक, शांत. मे महिन्याच्या उन्हात उस्मानाबादहून आलेले. त्यांनी टेप लावून गाळे मोजले, वरच्या खोल्या पाहिल्या, तलाव पाहिला, भाड्याचा तक्ता पाहिला, पुन्हा तलाव पाहिला. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "चहा मिळेल का कुठं?"

कमलबाईच्या गाळ्याला कुलूप होतं. टँकर दोन दिवस आला नव्हता म्हणून ती पहाटेच बैलगाडीत दोन पिंपं घालून येरमाळ्याला पाण्याला गेलेली. साहेब महालिंगप्पाकडं वळले.

महालिंगप्पानं हात जोडले. "साहेब, जीव मागा. चहाची सेक्रेटरींनी नोटीस काढलीया."

व्यंकटनं खुर्ची पुसून दिली आणि नोटीस दाखवली. भीमाशंकरनं नोटीस दाखवून माप घेऊ का म्हणून विचारलं. आठ दुकानं फिरून साहेब ऑफिसात येऊन बसले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि तपासणीचा कागद त्यांनी समोर घेतला होता. टोपण काढलेलं पेन बघून मच्छिंद्रनं मनात अंतर मोजलं. गाव दीड मैल लांब. घरून चहा यायचा तर तोवर शेरा लिहून व्हायचा.

हिंमतरावांनी त्याला बाहेर ओढलं. "शिक्क्याची लाख वितळवायचा स्टो हाय न्हवं आफिसात? पेटव."

"आबा, कलम नऊ."

"मच्छिंद्र, तुला कायम व्हायचं हाय का कलम व्हायचं हाय?"

स्टो पेटला. महालिंगप्पानं पत्ती आणि साखर आणून दिली. ती विकायला मनाई नव्हती. व्यंकट भगुणं घेऊन तलावात धावला आणि म्हशीची धार काढून आला. भीमाशंकरनं आलं ठेचलं, कातरीच्या मुठीनं. पाणी माठातलं. महिनाभर दाबून ठेवलेली सगळ्यांची माया त्या एका भगुण्यात उकळत होती.

मच्छिंद्र चहा गाळत असतानाच दारात बैलगाडी थांबली. कमलबाई खाली उतरली. पदरानं तोंड पुसलं आणि नाक वर केलं.

"सेक्रेटरी, वास कशाचा?"

"लाखेचा," मच्छिंद्र म्हणाला. त्याच्या हातात गाळणी होती.

"लाखेत आलं घालत्यात का आता?"

कमलबाईनं कमरेच्या पिशवीतून करारनामा काढला. घामानं मऊ झालेला, चार घड्या. नोटिशीचा कागद त्यातच. ती साहेबांपुढं गेली.

"मला वाचता येत न्हाय, साहेब. तुमी शिकल्यालं हाव. नववं तेवढं वाचून दावा, समद्यांला ऐकू जाईल असं."

साहेबांनी वाचलं. विकू नये, पाजू नये, तयारही करू नये. गाळा ताबडतोब रिकामा. पहिला हक्क गाळा नंबर एकचा. मग नोटिशीची शेवटची ओळ वाचून ते थांबले.

"हे 'सोसायटी, तिचे पदाधिकारी व नोकर' कोणी घातलं?"

हिंमतराव छताकडं बघू लागले.

"मी, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. त्याला बापाचा पाडवा आठवला. "नियम सगळ्यांना सारखा असावा म्हणून."

साहेबांनी समोरची कपबशी उचलली. फुंकर घालून घोट घेतला, मग दुसरा घेतला.

"चहा चांगला झालाय," ते म्हणाले. "पण करारनामा त्याहून चांगला आहे. बाईंचं बरोबर आहे. गाळा रिकामा करा."

"मला पायजेलच व्हता," कमलबाई म्हणाली. "बाजारादिवशी माणसं उभी ऱ्हात्यात माझ्याकडं. अंगठा कुठं लावू?"

अंगठा लागला. साहेबांनी बोटावर मोजलं. "म्हणजे दहापैकी दहा गाळे भाड्यानं गेले." आणि कप खाली ठेवून त्यांनी शेरा लिहिला. सर्व गाळे भाड्याने दिलेले आहेत. सेक्रेटरी कराराची अंमलबजावणी स्वतःच्या कार्यालयाविरुद्धही करतात. त्यांना कायम करण्यास हरकत नाही.

मच्छिंद्रनं तो कागद तीनदा वाचला. तोवर कमलबाईनं त्याचं टेबल बाहेर काढलं होतं.

चहाचा तंटाही तिनंच मिटवला. "पाव्हण्याला खुशाल पाजा, समद्यांनी पाजा," ती ओळीतल्या दुकानदारांना म्हणाली. "फकस्त केटली माझ्याकडनं न्यायची." त्या दिवसापासून दोन गाळ्यांतून आठ दुकानांना केटल्या जातात. गूळ चार आण्यांनी उतरला. ज्ञानोबानं दाढी राखली. महालिंगप्पाच्या लेकीचं डोहाळजेवण झालं, चहासकट.

कायमचा आदेश पंधरा दिवसांनी आला. हिंमतरावांनी तो पेढ्यासकट दिला.

"झालास बाबा कायम. आता निवांत बस."

"कुठं बसू, आबा? आफिस कुठं हाय?"

हिंमतरावांनी तलावाकडं बोट केलं. तलावाच्या पोटात, बांधापासून पन्नास पावलांवर, एक बाभूळ होती. "सावली हाय, वारं हाय, भाडं न्हाय. टेबल ठिवू तिथं."

"आन् पाणी आलं तर?"

"आलं तर सोसायटीचं नशीब. तू आपलं पाणी येईस्तवर कायम हायस असं समज."

तेव्हापासून मच्छिंद्र बाभळीखाली बसतो. म्हशींची आता त्याला सवय झाली आहे. संध्याकाळी सगळं गाव आभाळाकडं बघतं, तसा तोही बघतो, आणि मनापासून बघतो. फक्त घरी निघताना दफ्तराची पेटी तेवढी डोक्यावर घेतो आणि बांधावर नेऊन ठेवतो.