नुआराची तब्येत

"तब्येत बरी नाही माझी," नुआरा बोलून गेली, आणि बोलताक्षणी तिला वाटलं, सुटले बाई.

समोर लल्ला खदूजा बसली होती. मांडीवर जांभळ्या मखमलीचं गाठोडं. तिच्या धाकटीचं, शहिनाझचं, लग्न उन्हाळ्याच्या शेवटी ठरलं होतं. कसंतिना शहरात जरीनं भरलेली मखमली गंदूरा अंगावर चढल्याशिवाय नवरी नवरी दिसत नाही, आणि जर भरावी ती नुआरानंच, असा आसपासच्या तीन गल्ल्यांचा निकाल होता. पण यंदा जून सरेपर्यंत नुआराला सुईला हात लावायचा नव्हता. जूनमध्ये बाकलोरिया होती, विद्यापीठाचं दार उघडणारी मोठी परीक्षा, आणि तिला बसणार होती नुआरा स्वतः. वय वर्षं अठ्ठेचाळीस.

ती अठरा वर्षांची होती तेव्हा देशाचे दिवस असे होते की बाप संध्याकाळी धड घरी परतला, की आई जमिनीला डोकं टेकून अल्लाचे आभार मानायची. त्या दिवसांत पोरीला परीक्षेसाठी दूरच्या शहरी पाठवायला बाप तयार झाला नाही. डॉक्टर व्हायचं स्वप्न नुआरानं घडी घालून ठेवून दिलं आणि सुई उचलली. लग्न झालं, दोन मुलगे झाले, मोठे होऊन समुद्रापार गेले. घर रिकामं झालं तेव्हा कपाटाच्या तळाशी ठेवलेली ती घडी तिला आठवली. पाहते तर कसरसुद्धा लागलेली नव्हती.

नवरा लख्दर टॅक्सी चालवायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि बोटं मोजली.

"वैद्यकीला सात वर्षं लागतात. तू डॉक्टर होशील तेव्हा मी कुठे असेन, ठाऊक आहे?"

"गुडघे धरून कोपऱ्यात बसलेला असशील. तपासायला घरचं माणूस मिळेल."

"आणि लोक काय बोलतील?"

"बोलू देत. मी त्यांना म्हणेन, जीभ बाहेर काढा, बघू."

लख्दर हसला, म्हणजे हरला. मात्र निकाल लागेपर्यंत गल्लीत कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं तिनं त्याच्याकडून शपथेवर कबूल करून घेतलं. पोर नापास झालं तर गल्ली आठवडाभर हळहळते. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई नापास झाली असती, तर गल्लीला जन्मभराची करमणूक झाली असती. म्हणून ते तब्येतीचं एवढंसं खोटं. तिला वाटलं, एवढंसं खोटं अल्लाही पोटात घालील. अल्लानं घातलंही असतं. पण ते लल्ला खदूजाच्या कानात पडलं होतं.

झालं असं, की नुआराची भाची रीम वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला होती आणि मावशीला शिकवत होती. तिला वेळ मिळे तो हॉस्पिटलच्या आवारातल्या कॉफीच्या टपरीवर. त्यामुळे नुआरा दिवसाआड हॉस्पिटलात. आणि खदूजा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तिथेच. पहिल्यांदा खदूजानं लांबून पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्यांदा पाहिलं आणि उसासा टाकला. तिसऱ्यांदा नुआराच्या बगलेत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट होतं. आत रीमनं काढलेल्या हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आकृत्या होत्या; दुसरं पाकीट मिळालं नाही म्हणून त्यात घातल्या होत्या. खदूजानं भिंतीचा आधार घेतला.

"बिचारी! तोंडानं काही बोलली नाही," तिनं गल्लीत सांगितलं. "नुसतं म्हणाली, तब्येत बरी नाही. केवढी सोशीक!"

मग सगळ्यांनाच दिसायला लागलं. नुआरा वाळलीय. डोळे लाल असतात. सकाळी गच्चीत डोळे मिटून बसते आणि ओठ हलत असतात. पेशी कशी दुभंगते याच्या पायऱ्या ती घोकत होती. पण शेजारच्या गच्चीतून बघणाऱ्यांना वाटलं, बाईनं शेवटचा कलमा पाठ करायला घेतलाय.

आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायची रीत कसंतिनात नाही. एकीनं साखर आणली, दुसरीनं कॉफी, तिसरीनं साखर आणि कॉफी. आणायचं ते आणलं, ठेवायचं ते ठेवलं, पण उठायचं नाव कुणी घेईना. नुआराची फडताळं भरली आणि अभ्यासाच्या सकाळी वाया गेल्या. एकदा तर भौतिकशास्त्राचं पुस्तक उशीखाली सारून ती पांघरूण घेऊन पडून राहिली, आणि चार जणी तिच्या पायथ्याशी बसून आपापल्या मेलेल्या नातेवाइकांची लक्षणं सांगत राहिल्या.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा नुआराचा धीर सुटला. ती ताडकन उठून बसली.

"ऐका गं बायांनो. मला काहीएक झालेलं नाही. मी बाकलोरियाला बसतेय. मला डॉक्टर व्हायचंय!"

खदूजा पुढे सरकली आणि तिनं नुआराच्या कपाळावर तळहात ठेवला.

"डोक्यात गेलं गं," ती मागे वळून कुजबुजली. आणि सगळ्या जणी पदर, रुमाल, हाताला येईल ते डोळ्यांना लावून रडू लागल्या.

आता बघा. खोटं सांगितलं ते वेदवाक्य ठरलं, आणि खरं सांगितलं तो वात ठरला. नुआरानं कपाळावर हात मारून घेतला. बायकांनी तेही लक्षणांत धरलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी दारावर डफ वाजला. खदूजानं फकिरातना बोलावलं होतं. त्या नबीच्या स्तुतीची पदं गाणाऱ्या बायका. आजाऱ्याच्या उशाशी त्या गायल्या की उतार पडतो, अशी साऱ्या गावाची श्रद्धा. पुढे म्होरकी हाज्जा तुर्किया, सत्तरीची, हातात तिच्याहून जुना डफ.

"अगं, आज नको! उद्या गा, परवा गा, महिनाभर गा!" नुआरा कळवळून म्हणाली.

"उद्याचा काय भरवसा, राणी," खदूजा म्हणाली, आणि तिनं तिला गादीवर आडवी केली.

गाणं सुरू झालं. नुआरा आधी दात ओठ खात पडून होती. पण हाज्जा तुर्कियाचा आवाज! तो गळ्यातून यायचा तो थेट ऐकणाऱ्याच्या बेंबीत उतरायचा. जिथे नबीचं नाव असं जीव ओतून घेतलं जातं, तिथे रागाला बसायला जागा उरत नाही. पहिल्या पदाला नुआराचा राग गेला. दुसऱ्या पदाला डोळे भरले. तिसऱ्या पदाला डफाचा ठेका तिच्या बोटांत उतरला, आणि महिनाभर जे डोक्यात राहत नव्हतं ते पेशीचं दुभंगणं, पायरीमागून पायरी, त्या ठेक्यावर बिनचूक चालू लागलं. पांघरुणाखाली तिची बोटं वाजत होती, ओठ हलत होते.

हाज्जा तुर्किया थांबली. वाकून तिनं ती बोटं निरखली.

"हिला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"हाज्जा, असं कसं म्हणता?" खदूजा दुखावली.

"उभा जन्म आजाऱ्यांच्या उशाशी गातेय मी. आजाऱ्याची बोटं ताल सोडतात. हिची एकदासुद्धा चुकली नाहीत."

"मग आता थांबायचं?"

"का म्हणून? धडधाकट माणसानं नबीचं नाव ऐकू नये की काय? उचला डफ!" आणि नुआराच्या कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, "काय घोकतेयस ते तुझं तू जाणे, पोरी. पण चालीत छान बसलंय. सोडू नकोस."

"हाज्जाही आता थकल्या," खदूजानं शेजारणीला खुणेनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्दरनं टॅक्सी दारात लावली. नुआरा पिशवी घेऊन खाली आली, अर्धवट झोपेनं पांढरीफटक. आणि मागचं दार उघडून खदूजा, तिची बहीण आणि शेजारीण, तिघी आत बसलेल्या. मांडीवर कॉफीचा थर्मास.

"एकटीला जाऊ देऊ का आम्ही?" खदूजा म्हणाली.

"खदूजा, उतर! मी परीक्षेला चाललेय. दार बंद झालं की वर्ष गेलं माझं!"

"हो गं हो, तू म्हणशील तसं. लख्दरभाऊ, पुलावरनं घ्या, हॉस्पिटल तिकडनं जवळ पडतं."

"सरळ!" नुआरा ओरडली.

"पुलावरनं!" मागून तिघी ओरडल्या.

लख्दरनं पंचवीस वर्षांच्या संसारात जे केलं होतं तेच केलं. तो सरळ गेला.

परीक्षेच्या शाळेच्या फाटकासमोर एक तुतीचं झाड होतं, आणि झाडाखाली आयांचा घोळका. पोरं आत गेली की आया तिथेच बसतात. कुणी जपमाळ ओढते, कुणी खजूर वाटते, पेपर सुटेपर्यंत कुणी हलत नाही. टॅक्सीतून चार पोक्त बायका उतरलेल्या पाहून फाटकावरच्या रखवालदारानं न बघताच हात केला.

"आया तिकडे, झाडाखाली."

"मी परीक्षार्थी आहे," नुआरा म्हणाली आणि तिनं प्रवेशपत्र पुढे केलं.

"मावशी, पोरीला पाठवा. तुम्ही कशाला धावपळ करताय?"

"मला पोरगी नाही. दोन मुलगे आहेत, दोघंही दाढीवाले. नाव माझं आहे, फोटो माझा आहे!"

त्यानं फोटो पाहिला, चेहरा पाहिला, आणि त्याचे डोळे विस्फारले. "फोटोसुद्धा स्वतःचा चिकटवलात? पोरीच्या जागी बसायचं म्हणजे काय थट्टा आहे? जेल होते जेल!"

"वरिष्ठांना फोन लाव!"

"फोन आत जमा केलेत सगळ्यांचे. नेट तर देशभर बंद आहे, कॉपी होऊ नये म्हणून. दोन मिनिटांत फाटक लागेल, बाजूला व्हा."

"माझ्या तोंडावर सुरकुत्या आहेत हा गुन्हा कुठल्या कायद्यात बसतो, ते आधी सांग! तीस वर्षं थांबलेय मी. तू एक फाटक लावून मला थांबवणार?"

रखवालदार फाटकाकडे वळला. आणि तेव्हा, कॉफीचा थर्मास छातीशी धरून उभ्या असलेल्या खदूजाच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"म्हणजे... तू खरंच आजारी नाहीस?"

"नाही!"

"माझ्या शहिनाझची मखमल तशीच पडून आहे, आणि तू अभ्यास करत होतीस?"

"हो!"

"आणि मी तुझ्यासाठी रडले, सीदी रशीदच्या दर्ग्यात कुसकुसच्या जेवणाचा नवस बोलले, ते?"

"माफ कर गं, खदूजा."

"तुझ्याकडे मी नंतर बघते," खदूजा म्हणाली, थर्मास बहिणीच्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि रखवालदाराकडे वळली. "ए बाबा! या बाईच्या परीक्षेपायी माझ्या पोरीचं लग्न अडलंय. ती आज आत गेली नाही तर पुढच्या जूनपर्यंत सुई धरायची नाही. तोवर माझा जावई काय तुझ्या फाटकाशी उभा करू? त्या कागदावर काय लिहिलंय ते तू वाचलंस? मग 'खोटं' म्हणतोस कुठल्या आधारावर? साक्षीदार कोण तुझा? माझ्याकडे तीन आहेत!"

"बाई, आवाज करू नका, इथे मनाई..."

मनाई हा शब्द ऐकला मात्र, खदूजानं मान मागे टाकली आणि जीभ टाळूला लावून अशी लांबलचक किलकारी ठोकली, की लग्नाच्या वरातीलाही लाज वाटावी. तुतीखालच्या आयांना काय झालं ते कळलं नाही; पण एकीनं किलकारी दिल्यावर दुसरीनं गप्प बसायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. साऱ्या झाडाखालून किलकाऱ्यांचा लोट उठला.

आतून केंद्रप्रमुख धावत आले. "कुणाचं लग्न आहे इथे?"

"अडलेलं आहे!" खदूजा गरजली. "तुमच्याच माणसानं अडवलंय!"

त्यांनी नुआराचं प्रवेशपत्र घेतलं, ओळखपत्र ताडून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "या बाई परीक्षार्थीच आहेत. सोड त्यांना आत. आणि देवासाठी त्या बायकांना आवरा कुणीतरी!"

नुआरा धावली. तिच्या पाठीमागे फाटक लागलं.

जीवशास्त्राच्या दिवशी पर्यवेक्षकानं तिला दोनदा दटावलं, बाकावर बोटं वाजवू नका म्हणून. तिनं बोटं मांडीवर घेतली. पेशी तालात दुभंगत राहिली.

पेपर संपले त्या संध्याकाळी तिनं सुईत जर ओवली. निकाल लागला त्या दिवशी शहिनाझची शेवटची बाही भरून होत होती. नुआरा पास झाली, आणि वैद्यकीला लागतात त्याहून चिमूटभर जास्तच गुण पडले. सगळ्यांत आधी किलकारी दिली ती खदूजानं, आणि नवसाचं कुसकुसही रांधलं.

"अगं, मी आजारी नव्हतेच," नुआरा म्हणाली. "नवस लागू कसा होईल?"

"नव्हतीस? सात वर्षांचं दुखणं अंगाला लावून घेतलंयस. खा मुकाट्यानं."

लग्न थाटात पार पडलं. त्यानंतर एका दुपारी खदूजा पुन्हा नुआराकडे आली. हातात कॉफीचा पुडा. दार लोटून घेतलं, खिडकी लावली, खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाकलोरियासाठी नाव कुठे नोंदवतात गं?"

"कुणाला बसायचंय?"

खदूजानं कॉफीचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. "मी नववीत शाळा सोडलीय. म्हणजे आधी शाळेची द्यावी लागेल ना, मग ही? चालेल मला. डॉक्टरकी नको. वकिली. त्या दिवशी फाटकावर भांडताना मला कळलं, माझा जन्म कशासाठी आहे."

नुआरा उठली, कपाटाकडे गेली आणि आपली जुनी पुस्तकं एकेक करून खदूजाच्या मांडीवर ठेवू लागली.

"पण गल्लीत कुणाला सांगू नकोस हं," खदूजा घाईनं म्हणाली. "कुणी विचारलंच, तर एवढंच म्हण, तिची तब्येत बरी नाही."